पोटाचा इतिहास आणि विहिरीचे पाणी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, किल्ले आणि मकबरे उभे राहतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात अशा इतिहासाला तोटा नाही. सिंदखेडराजा ही राजमाता जिजाऊंची जन्मभूमी. मेहकर व लोणारची जुनी मंदिरे पाहायला दुरून माणसे येतात. आपले सुलतानपूर या साऱ्यांच्या मध्येच वसले आहे. परंतु आज मी तुम्हाला ज्या इतिहासाकडे घेऊन जाणार आहे त्यासाठी कोठे प्रवास करण्याचे कारण नाही. तो इतिहास तुमच्या दस्तरखानावर सुरू होतो, तुमच्या पोटात घडतो आणि गावच्या विहिरीपाशी येऊन संपतो. मनुष्याने स्वतःच्या पोटाला कसे ओळखले आणि पोटाच्या रोगांशी तो कसा झगडला, याचा हा इतिहास आहे. त्याला राजा नाही की सिंहासन नाही. मात्र त्यात जितकी माणसे मेली तितकी क्वचितच एखाद्या लढाईत मेली असतील.

घरातले शब्द

आपल्या घरात वडीलधारी माणसे बोलतात ते शब्द एकदा आठवून पाहा. ‘मेदा बिघडला’, ‘हजम होत नाही’, ‘सफरा वाढला’. शाळेच्या पुस्तकात हेच शब्द जठर, पचन आणि पित्त होऊन येतात. पुष्कळ मुलांना वाटते की घरची भाषा वेगळी आणि विज्ञानाची वेगळी. तसे मुळीच नाही. मेदा, जिगर, सफरा हे एका मोठ्या वैद्यकशास्त्राचे शब्द आहेत आणि ते हकीमांच्या तोंडून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले आहेत.

त्या शास्त्राचा सर्वांत मोठा ग्रंथकार म्हणजे इब्न सीना. त्याचा जन्म इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळ झाला. त्याच्या ‘अल्-कानून फित्तिब’ या ग्रंथाचे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपच्या विद्यापीठांत तो शिकवला जात होता. पोटात अन्नाचे काय होते, या प्रश्नाला त्याचे उत्तर ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेतले होते : अन्न पोटात ‘शिजते’. मेद्यात पहिली पाकक्रिया होते, जिगरमध्ये दुसरी, नसांत तिसरी आणि प्रत्यक्ष अवयवांत चौथी. आपल्या आयुर्वेदानेही जठराग्नी म्हणून पोटात अग्नीच कल्पिला. दोन दूरच्या परंपरा, पण दोघींनाही चूलच सुचली. अन्न कच्चे असते, आगीवर ठेवले की मऊ होते, हे रोज डोळ्यांसमोर दिसणारे सत्य होते.

या थोर वैद्याच्या चरित्रातील एक गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. पोटातील तीव्र शूळाला त्या काळी ‘कूलंज’ म्हणत. इब्न सीनाने या कूलंजावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. आणि इ. स. १०३७ मध्ये हमदान येथे त्याचा अंत झाला तोही याच विकाराने. त्याच्या शिष्याने लिहून ठेवले आहे की लवकर बरे व्हावे म्हणून त्याने एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली आणि आतड्यांना जखमा करून घेतल्या. जगाला औषध शिकवणाऱ्याचे स्वतःचे औषध त्याच्यावर उलटले. यात त्याचा कमीपणा नाही. त्याच्या काळी जेवढे ठाऊक होते तेवढे त्याने केले. पुढचे शोधण्याची जबाबदारी पुढच्यांवर होती.

घासाचा प्रवास

आता आजच्या ज्ञानाप्रमाणे एका घासाचा प्रवास थोडक्यात पाहू. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात गेला की दात त्याला दळतात आणि लाळेतील विकर त्यातील पिष्टाची साखर करू लागते. म्हणूनच भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते. विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग आजच करावा, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास जठरात उतरतो. तो केवळ वजनाने खाली पडत नाही. नळीचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत त्याला ढकलतात.

जठर ही लीटर-दीड लीटर मावेल अशी स्नायूंची पिशवी. तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे विकर पाझरते. हे आम्ल इतके जहाल असते की अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू तेथेच मरतात. तेव्हा जठर हे पचनाचे ठिकाण आहे तसेच ती पोटाची वेसही आहे. वेशीवरचा पहारेकरी जागा असेल तर चोराला आत शिरणे अवघड जाते.

त्यानंतर लहान आतडे. लांबी सुमारे सहा मीटर, पण पोटात वेटोळे घालून बसलेले. येथे यकृताकडून पित्त येते, स्वादुपिंडाकडून पाचकरस येतो आणि खरे पचन येथे पुरे होते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात व तेच पोषक द्रव्ये शोषून रक्तात सोडतात. पूर्वीच्या पुस्तकांत या पृष्ठभागाची तुलना टेनिसच्या मैदानाशी केलेली असे. अलीकडच्या अधिक काटेकोर मोजणीत तो सुमारे ३० चौरस मीटर भरला. मैदानाएवढा नसला तरी दोन चांगल्या खोल्यांएवढा तो आहेच. शेवटी सुमारे दीड मीटरचे मोठे आतडे उरलेले पाणी काढून घेते.

येथे एक आकडा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे. आपण दिवसाला सुमारे दोन लीटर पाणी पितो. पण लाळ, जठररस, पित्त व इतर रस मिळून शरीर स्वतःच आणखी सहा-सात लीटर द्रव आतड्यात ओतते. म्हणजे रोज आठ-नऊ लीटर पाणी आतड्यातून जाते आणि बाहेर पडते केवळ १०० ते २०० मिलिलीटर. बाकीचे सारे शरीर परत घेते. एवढा काटेकोर हिशेब मोठ्या पेढीवरही ठेवला जात नसेल. आणि हा हिशेब ज्या दिवशी चुकतो, त्या दिवशी माणूस काही तासांत मरणाच्या दारी जातो.

ज्याच्या पोटाला खिडकी होती

पोटात आग नसून रस आहे, हे माणसाला कळले कसे? अठराव्या शतकात फ्रान्सच्या रोम्यूर याने घारीवर प्रयोग केले, इटलीच्या स्पालानझानी याने पुष्कळ प्राण्यांवर आणि स्वतःवरही केले. जठरातील रस शरीराबाहेर काढला तरी तो मांस विरघळवतो, हे त्यांनी दाखवले. पण जिवंत माणसाचे जठर काम करताना कोणी पाहिले नव्हते.

तो योग एका दुर्घटनेने आला. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सें मार्तें नावाच्या तरुण मजुराच्या पोटाला जवळून सुटलेल्या बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट याने त्याला वाचवले, परंतु जखम पूर्ण भरली नाही. जठराला एक कायमचे छिद्र राहिले. ब्यूमाँटने त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे व भाजीचे तुकडे आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढून पाहिले, रस बाटलीत घेऊन तपासला. १८३३ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पचनशास्त्राचा नवा पाया घातला गेला. दरम्यान १८२४ मध्ये विल्यम प्राउट याने जठररसातील आम्ल ओळखले होते. १८३६ मध्ये श्वान याने पेप्सिन शोधले. पुढे रशियाच्या पाव्हलॉव्हला पचनावरील कामासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण वाचकहो, त्या मजुराला विसरू नका. ब्यूमाँटशी झालेल्या करारावर सें मार्तेंने सहीच्या जागी फुली मारली होती, कारण त्याला लिहिता येत नव्हते. ज्याच्या पोटाने साऱ्या जगाला धडे दिले त्याला स्वतःला त्या पुस्तकातले एक अक्षरही वाचता आले नसेल. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी प्रेत मागू नये म्हणून घरच्यांनी त्याला मुद्दाम खोल पुरले. माणूस शिकलेला नसला की तो दुसऱ्याच्या विद्येचे केवळ साधन होतो. शाळा कशासाठी, असे कोणी विचारले तर ही एक गोष्ट त्याला सांगावी.

लोणारचा खार

आता घराजवळ येऊ. लोणारचे सरोवर आपल्या शेजारचेच. आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि २०२० पासून ते रामसर यादीतही आहे. मात्र जुन्या काळी लोणारची ख्याती होती ती खारासाठी. अकबराच्या दरबारातील अबुल फझल याने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे आणि तेथे काच व साबणासाठी लागणारी द्रव्ये मिळतात असे सांगितले आहे. हा खार म्हणजे मुख्यतः सोडा. पापडात घालतात तो खारही याच जातीचा.

जठरात आम्ल असते आणि सोडा आम्लाला मारतो. म्हणून छातीत जळजळ झाली की सोडा घेण्याची रीत पडली. क्षणभर बरे वाटते हे खरे. पण वारंवार घेतला तर वेशीवरचा पहारेकरीच दुबळा होतो आणि जंतूंना वाट मोकळी मिळते. शिवाय पोटातील सगळ्याच व्रणांचे मूळ ‘तिखट आणि चिंता’ नसते. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी दाखवले की पुष्कळ व्रण एका जंतूमुळे होतात. लोक मानीनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने त्या जंतूंचा पेला स्वतः पिऊन आजारपण ओढवून घेतले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. तेव्हा वर्षानुवर्षे सोडा फाकत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे. खाराची ही गोष्ट ध्यानात असू द्या. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

नारू : बारवेच्या पायरीवरून पोटात

तुमच्या घरी सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांना ‘नारू’ म्हणजे काय, असे विचारा. पायाला फोड येई, आग होई, फोड फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावे. तो एकदम ओढला तर तुटे आणि पाय सुजे. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर काढीत. किडा कधीकधी हातभरापेक्षाही लांब. ऐन पेरणीच्या दिवसांत धडधाकट माणूस महिना-महिना खाटेवर पडे.

या रोगाचे सविस्तर वर्णन इब्न सीनाने केले होते. मदीना शहरावरून त्याचे नाव पडले आणि आजही शास्त्रीय नावात ‘मेडिनेन्सिस’ हा शब्द कायम आहे. परंतु किडा पायात येतो कोठून, याचा उलगडा १८७० च्या सुमारास रशियाच्या फेदचेन्को याने केला. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरतो, दुखरा पाय पाण्यात बुडवतो आणि किडा आपली पिल्ले पाण्यात सोडतो. ती डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स नावाच्या पाणकिड्याच्या पोटात जातात. दुसरा कोणी ते पाणी पितो. जठरात सायक्लॉप्स पचून जातो, पण नारूचे पिल्लू सुटते, पोटाची भिंत भेदते आणि सुमारे वर्षभराने पायातून बाहेर पडते. म्हणजे दुखणे पायाचे आणि वाट पोटाची!

या रोगावर ना लस निघाली ना खात्रीचे औषध. तरीही तो गेला. कसा? पाणी कापडाने गाळून, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा त्यांना कठडे व रहाट बसवून आणि हातपंप बसवून. १९८४ मध्ये भारतात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण होते व त्यांत महाराष्ट्रातीलही होते. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. हजार वर्षांपूर्वी ज्याचे वर्णन झाले तो रोग गाळण्याच्या फडक्याने हरला.

या हातपंपाच्या कथेत आपल्या शेजारच्या जालन्याचाही वाटा आहे. सुरुवातीचे बिडाचे पंप गावच्या वापराला टिकत नसत. तेव्हा जालना व सोलापूर येथे मिशनच्या माणसांनी कारागिरांना हाताशी धरून पोलादी, दणकट पंप बनवले. ‘जालना पंप’ व ‘सोलापूर पंप’ या नावांनी ते ओळखले गेले. १९७२ च्या दुष्काळाने पाण्याची निकड साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिली होती. त्या अनुभवातून पुढे सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला आणि तो परदेशांतही गेला. गावच्या चौकातला जुना हातपंप पाहून आपण पुढे जातो. त्याला मनोमन सलाम करावा अशी त्याची योग्यता आहे.

पटकी

आता या इतिहासातील सर्वांत काळे पान. पटकी, वाखा, महामारी, हैजा, कॉलरा अशी तिची अनेक नावे. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागात तिची मोठी साथ उसळली आणि पुढच्या वर्षी ती नागपूर, दख्खन व मुंबईपर्यंत पसरली. तेथून जहाजांनी ती जगभर नेली. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी कबरीत किंवा चितेवर, असे दिवस गावांनी पाहिले. डोळे खोल जात, आवाज बसे, बोटांची कातडी सुरकुते. गावोगाव मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडीत. कोणी देवीला नवस बोले, कोणी मशिदीत दुआ मागे. घाबरलेल्या माणसाला हसू नये. रोग कोठून येतो हे ठाऊकच नसेल तर त्याला वेशीबाहेर लोटण्याखेरीज तो काय करणार?

यात्रा आणि जत्रांचे ठिकाण म्हणजे साथीचे ठिकाण असे समीकरणच झाले होते. पंढरीच्या वारीत पटकी पसरे, तशीच ती हाजींच्या काफिल्यांतही पसरे. १८६५ च्या हजच्या वेळी मोठी साथ आली व पुढे युरोपात गेली. त्यामुळे १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे अनेक देशांची आरोग्य परिषद भरली. वारकरी आणि हाजी, दोघांचा शत्रू एकच होता आणि तो दोघांच्याही पाण्याच्या भांड्यात होता.

आपल्या वऱ्हाडावर सर्वांत मोठा घाला पडला तो १८९९-१९०० च्या दुष्काळात. आधी अन्न गेले, मग पाणी आटले, उरल्या डबक्यांवर माणसे तुटून पडली आणि पटकी व हगवण मागोमाग आली. १९०१ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांत ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. दर आठ माणसांत जवळपास एक कमी. काही देशोधडीला लागले, पुष्कळ मेले. या आकड्यात तुमच्या-माझ्या पणजोबांची भावंडेही असतील. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

पटकी पाण्यातून येते हे लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये एका पंपाभोवतीच्या मृत्यूंची नोंद करून दाखवले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात अभ्यास करून तिचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू जगापुढे ठेवला. १८९३ मध्ये वाल्डेमार हाफकिन पटकीची लस घेऊन भारतात आले. ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढे १८९७ मध्ये मुंबईत प्लेगच्या लसीविषयी लोक साशंक होते, तेव्हा तरुण आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. नुसत्या उपदेशाने जे काम झाले नसते ते त्या एका कृतीने झाले. परळच्या संस्थेला आज हाफकिन यांचेच नाव आहे.

बंद घराचा उघडा दरवाजा

जंतू सापडला तरी मरण थांबेना. कारण तो जंतू माणसाला मारतो तरी कसा, हे कळले नव्हते. १९५९ मध्ये कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की जंतू आतडे कुरतडत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषाने आतडे रसाचा नळ उघडाच ठेवते. मघाचा आठ-नऊ लीटरचा हिशेब आठवा. तो येथे उलटतो. शरीर पाणी परत घेण्याऐवजी ओतू लागते, कधीकधी तासाला एक लीटर. माणूस विषाने नव्हे, तहानेने मरतो.

मग पाणी पाजावे, तर नुसते पाणी आतडे घेईना. शिरेतून सलाईन द्यावे, तर खेड्यात बाटल्या कोठून आणाव्या? याच सुमारास, १९६० मध्ये, रॉबर्ट क्रेन यांनी दाखवले की आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज व मीठ जोडीने आत घेणारा एक दरवाजा असतो आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत येते. पटकीच्या विषाने हा दरवाजा बंद होत नाही. सारे घर लुटले जात असताना एक दरवाजा शाबूत राहतो. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून दिले की पाणी त्याच वाटेने आत जाते. १९६८ मध्ये ढाक्यातील डॉक्टरांनी हे रुग्णांवर सिद्ध केले.

खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगाव येथे पटकी भडकली. रुग्ण ओल्या फरशीवर पडलेले, सलाईन संपलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी दर लीटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिशव्यांत भरून आणले व पिंपात कालवले. आपला ओळखीचा खार येथे पुन्हा भेटला. मात्र तो मोजून घेतलेला होता आणि फरक सारा त्या मोजण्यात होता. नळ असलेल्या त्या पिंपांतून आया, बाप, भाऊ भांडे भरून नेत आणि घोटघोट पाजीत. जेथे शंभरांतले तीस दगावत, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

या कथेचा शेवटचा अध्याय मला सर्वांत प्रिय आहे, कारण तो डॉक्टरांनी नव्हे तर बायाबापड्यांनी लिहिला. १९८० पासून बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या स्त्रिया खेड्यापाड्यांत दारोदार फिरल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ. प्रत्येक आईकडून त्या हे स्वतःच्या हाताने करवून घेत. पुढे दुसरा माणूस येऊन आईला आठवते की नाही, हे तपासून जाई आणि शिकवणारीचे मानधन त्या उत्तरावर ठरे. विचार करा, शिष्याला किती आले यावर गुरूचा पगार! दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरे त्यांनी पालथी घातली. त्यातील पुष्कळ माता निरक्षर होत्या. तरी त्यांच्या बोटांना जे आले ते विसरले गेले नाही.

आपण काय करावे

माता-पित्यांनो, पटकी आता पूर्वीसारखी राहिली नाही, पण जुलाब-वांती गेलेली नाही आणि पहिल्या पावसात ती घरोघर येते. म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मुलाला जुलाब झाले की ‘पोटाला आराम’ म्हणून पाणी व दूध तोडण्याची जुनी समजूत सोडून द्या. तिने फार मुले नेली. अंगावरचे दूध चालूच ठेवा, नेहमीचे हलके अन्न द्या. आरोग्य उपकेंद्रातून किंवा आशाताईंकडून ओआरएसची पाकिटे आणून घरात ठेवा. एक लीटरचे पाकीट पुऱ्या एक लीटर स्वच्छ पाण्यातच कालवा आणि २४ तासांत संपवा. नावाशी मिळतीजुळती गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे; पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या. पाकीट नसेल तर एक लीटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट नको. मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे १० ते १४ दिवस झिंकच्या गोळ्याही द्याव्यात. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, रक्त पडू लागले किंवा काहीच पोटात ठरेना तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठा. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आलेली रोटा विषाणूची लस बाळाला वेळेवर पाजून घ्या.

रमजानमध्ये पोटाला शिस्त लागते हे खरे. परंतु इफ्तारला तळणाचा डोंगर रचला तर दिवसभराची ती शिस्त एका तासात उधळली जाते. पाणी, खजूर, फळे आणि मग हलके अन्न, हा क्रम मेद्याला मानवतो.

विद्यार्थी मित्रांनो, आणि विशेषतः विद्यार्थिनींनो, या लेखातील माणसे पुन्हा एकदा नजरेखालून घाला. बुखाऱ्याचा हकीम, निरक्षर मजूर, कलकत्त्याचे संशोधक, जालन्याचे कारागीर, बनगावच्या पिंपापाशी उभी असलेली आई आणि गूळ-मीठ शिकवत फिरणारी बाई. ज्ञान असेच हातोहात आले. ज्या गावात ते वेळेवर पोहोचले तेथे मुले वाचली. जेथे पोहोचले नाही तेथे ती खानेसुमारीच्या आकड्यात गेली. मुलगी सातवी-आठवीला गेली की तिला शाळेतून काढण्याचा विचार ज्या घरात येत असेल, त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे : उद्या मध्यरात्री तुमच्या नातवाला जुलाब लागतील, तेव्हा पाकिटावरचे ‘एक लीटर’ हे शब्द वाचणारी तीच असणार आहे.

स्मरणिका कपाटात जाण्यापूर्वी एक करा. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एक लीटर पाणी, हे एका कागदावर लिहा आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीपाशी चिकटवा. आपल्या पणज्यांपाशी हा कागद नव्हता.